इथेनॉल नसलेलं पेट्रोल आणि आजचं इंजिन : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

आजपासून नोंदी ठेवतोय. प्रश्न साधा आहे, इथेनॉल नसलेलं पेट्रोल म्हणजे ई० आजच्या गाडीत घातलं तर नेमकं काय बदलतं. ज्याला विचारावं त्याचं मत तयार असतं, कोणी म्हणतं इंजिन दुप्पट टिकतं, कोणी म्हणतं काडीचा फरक पडत नाही, आणि बहुतेक जण कार्बोरेटर आणि साध्या रबरी नळ्यांच्या काळातला अनुभव आजच्या इंजेक्शनच्या गाडीला लावून मोकळे होतात. मला आकडे बघायचेत. आजचं इंजिन चालू असताना इंधनाचा हिशोब स्वतःच ठेवत असतं, तो हिशोब वाचायचा, एवढाच हा प्रकल्प.

दोन गाड्या आहेत. एक साधी, टर्बो नसलेली, पोर्ट इंजेक्शनवाली, म्हणजे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं. दुसरी टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये. दोन्हींच्या मॅन्युअलमध्ये ई१०, म्हणजे दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, चालतं असं स्पष्ट लिहिलंय. सोबत ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र), १०० मिलीचं काचेचं मोजपात्र, सिरिंज, घट्ट झाकणाच्या बरण्या, इंधनातलं इथेनॉल मोजणारा एक फ्लेक्स फ्युएल सेन्सर आणि बारीक मापं घ्यायला व्हर्नियर.

पेट्रोलची सगळी कामं उघड्यावर, हातमोजे घालून, जवळ ज्योत किंवा ठिणगी पडेल असं काहीही न ठेवता. घरातल्या फ्रीजमध्ये पेट्रोलची बरणी कधीही ठेवायची नाही, आतल्या स्विचच्या ठिणगीने वाफ पेटू शकते.

५ नोव्हेंबर

गाडीला हात लावायच्या आधी कागदावर गणित. हे न करता नुसती टाकी भरून 'गाडी हलकी वाटते' असं म्हणण्यात अर्थ नाही.

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त ९ किलो, कारण इथेनॉलच्या वजनात ३४.७ टक्के ऑक्सिजन आधीपासूनच असतो. त्यामुळे ई१० चं प्रमाण १४.१ च्या आसपास येतं. म्हणजे ई१० वरून ई० वर गेलं की तेवढ्याच हवेला साधारण ४ टक्के कमी इंधन पुरतं. इंजिन आधीच्याच हिशोबाने फवारत राहिलं तर मिश्रण तेवढं रिच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, होणार आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, ते कमी करावं लागणार. स्कॅनरवर मला नेमकं हेच दिसायला हवं.

आता ऊर्जा. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलच्या लिटरमध्ये २१. दहा टक्के मिसळलं की लिटरमागे ३ ते साडेतीन टक्के ऊर्जा घटते. अ‍ॅव्हरेजमधला फरक एवढाच असू शकतो, ह्याहून जास्त कोणी सांगत असेल तर त्यात टायरची हवा, वारा, ट्रॅफिक किंवा हौस मिसळलेली असते.

आणि पॉवर? इथेच खूप जणांची गल्लत होते. इंजिनाची पॉवर किती हवा आत घेता येते त्यावर अडते, इंधन हवं तेवढं फवारता येतं. एक किलो हवेबरोबर पेट्रोल जाळलं तर अंदाजे २.९ मेगाज्यूल मिळतात, इथेनॉल जाळलं तर जवळपास ३. म्हणजे हवेच्या हिशोबाने दोन्ही सारखेच, उलट इथेनॉल किंचित पुढे. ई० टाकून पिकअप वाढला असं वाटणं ह्या गणितात कुठेच बसत नाही. लिटरमागे अंतर थोडं वाढेल, पॉवर नाही.

९ नोव्हेंबर

पंपावरचं 'इथेनॉल नसलेलं' खरंच तसं आहे का हे आधी बघितलं. पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. मोजपात्रात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, तोंड बंद करून नीट हलवायचं, मधूनमधून वाफ सोडायची, मग शांत ठेवायचं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जास्त जवळचं, ते खाली पाण्यात उतरतं आणि खालच्या थराची रेघ वर चढते. जेवढी चढली तेवढं इथेनॉल, भागिले ९०.

नेहमीच्या ई१० मध्ये रेघ १० वरून १८ च्या थोडी वर आली, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास. थोडं इथेनॉल वर पेट्रोलमध्येच राहतं आणि पाणी-इथेनॉल मिसळल्यावर आकारमान किंचित आकसतं, त्यामुळे ही चाचणी नेहमी जरा कमीच दाखवते. ई० मध्ये रेघ जागची हलली नाही. ठीक, माल खरा आहे.

चाचणीनंतरचं पाणी मोरीत किंवा मातीत ओतायचं नाही. त्यात इथेनॉलबरोबर पेट्रोलचे घटकही असतात. वेगळ्या डब्यात साठवून घातक कचऱ्यात द्यायचं.

१० नोव्हेंबर

ई१० वरची आधाराची रीडिंगं घेतली, इंजिन पूर्ण गरम, एकाच वेगाने, एसी बंद. पोर्ट इंजेक्शनवालीचा लाँग टर्म ट्रिम अधिक २ च्या आसपास, टर्बोचा शून्याला चिकटून. शॉर्ट टर्म दोन्हीकडे शून्याच्या खालीवर नाचतोय, तो तसाच नाचायला हवा.

ट्रिम म्हणजे काय ते इथेच लिहितो, पुढे सारखं लागणार आहे. एक्झॉस्टमधला लॅम्बडा सेन्सर उरलेला ऑक्सिजन बघतो, त्यावरून ईसीयू फवारणी वाढवतो नाहीतर कमी करतो, ही ताबडतोबीची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म. तीच दुरुस्ती सारखी एकाच दिशेला करावी लागली की तो ती लक्षात ठेवतो, ती लाँग टर्म. अधिक म्हणजे जास्त इंधन घालावं लागतंय, उणे म्हणजे कमी करावं लागतंय.

१६ नोव्हेंबर

पहिल्यांदा ई० भरलं. टाकीत साधारण पाव भाग ई१० शिल्लक होतं, म्हणजे फुल केल्यावर आत अडीच टक्के इथेनॉल उरलं. एका टाकीत शुद्ध ई० होत नाही. लोक एकदा भरतात आणि लगेच निकाल सांगतात, तेव्हा निम्म्या वेळा टाकीत ई३ नाहीतर ई५ असतं.

मिसळण्याची अजून एक गंमत आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. पेट्रोलमध्ये थोडंसं इथेनॉल घातलं की बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडायची ओढ, चढतो, दहा टक्क्यांना साधारण ७ किलोपास्कल, आणि त्यातली बहुतेक चढ पहिल्या काही टक्क्यांतच होऊन जाते. त्यामुळे ई० आणि ई१० अर्धं अर्धं मिसळलं तर बाष्पदाब दोघांच्या मधोमध बसत नाही, तो ई१० च्या जवळ जातो. आजच्या गाडीत टाकीची वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जाते आणि तिथून इंजिनात ओढली जाते, म्हणून चालवताना काही जाणवत नाही. पण भर उन्हात कॅनिस्टरमधून जास्त वाफ आली की शॉर्ट टर्म ट्रिम थोडा वेळ उणे जातो, आणि घाईघाईत कोणी तेच 'ई० चा परिणाम' म्हणून लिहून ठेवू शकतो. म्हणून कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा असतानाचं एकही रीडिंग धरायचं नाही असं ठरवलं.

२३ नोव्हेंबर

दुसऱ्या भरण्यानंतर ट्रिम स्थिरावले. पोर्ट इंजेक्शनवाली अधिक २ वरून उणे दीड. टर्बो शून्यावरून उणे साडेतीन. दोन्हीत बदल साडेतीनच्या आसपास, कागदावरच्या ४ च्या किंचित खाली, आणि ते बरोबरच आहे, टाकीत अजून थोडं जुनं इंधन आहे आणि दोन इंधनांच्या घनतेतही बारीक फरक आहे. गणित आणि गाडी एकच गोष्ट सांगतायत ह्याचं मला खरंच समाधान वाटलं.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो. ट्रिमचा नुसता आकडा काही सांगत नाही, त्यातला बदल सांगतो. उणे साडेतीन बघून घाबरायचं कारण नाही. बहुतेक गाड्यांत फॉल्ट कोड लागायला ट्रिम वीस पंचवीस टक्क्यांच्या घरात जावा लागतो, तेव्हा पी०१७१ म्हणजे फार लीन (इंधन कमी) किंवा पी०१७२ म्हणजे फार रिच. निरोगी गाडी ई० वर गेली म्हणून इंजिनाचा दिवा लागणार नाही. पण गाडीत आधीच दुखणं असेल, समजा इंजेक्टर गळतोय आणि ट्रिम आधीच उणे अठरा आहे, तर हे ४ टक्के तिला हद्दीपलीकडे ढकलू शकतात. अशा वेळी दोष पेट्रोलला लागतो आणि गळका इंजेक्टर तसाच राहतो.

स्कॅनरवर हवा-इंधन प्रमाण १४.७ च दिसतंय, ई१० वरही आणि ई० वरही. ह्यावरून 'काहीच बदललं नाही' असं समजू नका. सेन्सर लॅम्बडा मोजतो, म्हणजे लागते तेवढीच हवा आहे का, आणि स्कॅनर त्या आकड्याला १४.७ ने गुणून दाखवतो. ई१० वर खरं प्रमाण १४.१ असतं, पडद्यावर १४.७.

ह्याच कल्पनेवर ब्राझीलमध्ये २००३ पासून अख्ख्या फ्लेक्स गाड्या चालल्या, इथेनॉल मोजणारा वेगळा सेन्सर न बसवता. टाकी भरली गेली हे पातळीवरून कळतं, मग लॅम्बडा सेन्सरची दुरुस्ती किती लागली त्यावरून सॉफ्टवेअर इथेनॉलचं प्रमाण ओळखतं. आपल्या साध्या गाडीतही तीच यंत्रणा आहे, तिला फक्त थोड्याच पल्ल्यात हलायची मुभा दिलेली असते.

२९ नोव्हेंबर

ऑक्टेन, म्हणजे ठिणगीशिवाय आपोआप भडकायला, म्हणजे नॉकिंगला, इंधन किती विरोध करतं त्याचा आकडा. माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे आणि ह्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं.

तो मोजायच्या दोन पद्धती, रिसर्च आणि जास्त कडक मोटर. इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन १०८-१०९ च्या आसपास, मोटर ऑक्टेन मात्र ९० च्या आसपास. रिफायनरी इथेनॉल मिसळायचं आहे हे धरून मूळ पेट्रोल मुद्दाम खालच्या ऑक्टेनचं बनवते. अमेरिकेत ८७ चं साधं ई१० बहुतेक वेळा ८४ च्या मूळ पेट्रोलमध्ये इथेनॉल घालून होतं. तिकडचा आकडा म्हणजे रिसर्च आणि मोटर दोन्हींची सरासरी, इतर बऱ्याच देशांत पंपावर नुसता रिसर्च आकडा लिहितात, त्यामुळे तिकडचं ८७ म्हणजे इकडचं साधारण ९१-९२. दोन देशांतली मतं वाचताना हे विसरलं की सगळा घोळ होतो.

म्हणजे ई० मध्ये ऑक्टेन दुसऱ्या कशातून तरी यायला हवा, अल्किलेट किंवा रिफॉर्मेट ह्या रिफायनरीतल्या चढ्या ऑक्टेनच्या घटकांतून. चांगल्या ई० मध्ये तो येतो. पण पंपावर ई० साध्या ग्रेडचंच मिळत असेल आणि गाडीला प्रीमियम लागत असेल तर 'शुद्ध' ह्या एका शब्दासाठी खालचा ऑक्टेन घालणं टर्बो इंजिनावर सरळ अन्याय आहे.

आज टर्बोवर तेच बघितलं. चढ, तिसरा गिअर, दोन हजार आरपीएमपासून पूर्ण पेडल, एकच रस्ता, इनटेकचं तापमान जवळपास सारखं. मॅन्युअलमधल्या ऑक्टेनच्या ई१० वर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, शांत, नॉक सेन्सरमुळे मागे घेतल्याच्या खुणा अगदी तुरळक. साध्या ग्रेडच्या ई० वर त्याच चढावर टायमिंग काही अंशांनी मागे, आणि नंतरही बराच वेळ मागेच राहिलं, कारण ईसीयू एकदा पोळला की लगेच विश्वास टाकत नाही. कानाला नॉकिंग अजिबात आलं नाही. पेडलखाली मात्र इंजिन सुस्त झालं. पोर्ट इंजेक्शनवालीत तोच प्रयोग केला तर दोन्ही इंधनांत टायमिंग सारखंच, तिचं कॉम्प्रेशन बेताचं आहे आणि तिला साधंच पेट्रोल सांगितलंय.

टर्बोला इथेनॉल दोन वाटांनी मदत करतं. एक ऑक्टेन. दुसरी, बाष्पीभवनाची उष्णता. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ती थेट सिलिंडरमधल्या हवेतून ओढली जाते, हवा थंड, नॉकिंग लांब. त्यात टर्बो इंजिनाला जास्त फायदा रिसर्च ऑक्टेनचा होतो, मोटर ऑक्टेनचा कमी. म्हणून सरासरी आकडा सारखा असलेल्या दोन इंधनांतही इथेनॉलवालं पूर्ण लोडवर पुढे जाऊ शकतं.

आणि कारखान्यातच इंजिनं आता इथेनॉलवर जुळवली जातात. अमेरिकेत उत्सर्जन चाचणीचं इंधन पूर्वी इथेनॉल नसलेलं असायचं, टियर ३ नियमांनी ते ई१० केलं. युरोपातही चाचणीचं इंधन आधी ई५ होतं, नंतर ई१० झालं. आधुनिक इंजिन ई० साठी बनवलंय आणि ई१० नाइलाजाने सोसतं हे म्हणणं नव्या गाड्यांना लागू होत नाही.

६ डिसेंबर

अ‍ॅव्हरेज. टाकी फुल ते टाकी फुल, तोच पंप, तीच नळी, नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचं. आकडे ई० च्या बाजूने झुकले, ३ टक्क्यांच्या जवळपास, पण टाकी टाकीतला फरकच तेवढा आहे. १० अंश तापमान बदललं की पेट्रोलचं आकारमान साधारण १ टक्का बदलतं. दिशा गणिताशी जुळते, ह्याहून जास्त ह्या पद्धतीतून काढता येणार नाही.

१३ डिसेंबर

फ्लेक्स सेन्सर टेबलावर जोडला. ह्यात इंधन दोन इलेक्ट्रोडमधून वाहतं आणि सेन्सर त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युत भार साठवायला ते किती मदत करतं, बघतो. पेट्रोलचा २ च्या आसपास, इथेनॉलचा २५ च्या आसपास, इतका फरक असल्यावर मोजणं सोपं. आउटपुट चौकोनी लहर, ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० हर्ट्झ म्हणजे शंभर टक्के, मधलं सरळ रेषेत, आणि पल्सच्या रुंदीत इंधनाचं तापमान. १२ व्होल्ट द्यायचे, सिग्नलच्या तारेला पुल-अप रेझिस्टर लावायचा, नाहीतर काहीच दिसणार नाही. बोर्ड आणि पॉवर सप्लाय पेट्रोलपासून लांब, लांब तारेवर.

ई० ला ५० च्या काट्यावर, पंपाच्या ई१० ला ५९-६०. पाण्याच्या चाचणीशी जुळलं. पाण्याचा स्थिरांक ८० च्या घरात असल्याने इंधनात पाणी शिरलेलं असलं तर रीडिंग खोटं वर चढतं, तेव्हा आकडा अवाजवी वाटला तर आधी पाण्याचा संशय घ्यायचा.

२० डिसेंबर

फेज सेपरेशन, म्हणजे पाण्यामुळे इंधनाचे वेगळे थर पडणं, हा प्रयोग मला सगळ्यात जास्त करायचा होता. काचेच्या बरणीत १०० मिली ई१०, सिरिंजने थेंब थेंब पाणी, प्रत्येक वेळी हलवून. अर्ध्या मिलीपर्यंत पेट्रोल नितळ राहिलं, पाणी जणू गायब. त्याच्या जरा पुढे एकदम गढूळ झालं, आणि थोड्या वेळाने खाली वेगळा थर बसला. तो थर नुसत्या पाण्याचा नसतो, पाणी आपल्याबरोबर इथेनॉल ओढून नेतं. वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरलेला आणि खाली इंजिनाला न जळणारं मिश्रण, आणि गाडीतल्या इंधन पंपाचं तोंड टाकीच्या तळाशी.

मग दुसरी बरणी, पाणी थोडं कमी, अजून नितळ असलेली, ती बाहेरच बर्फाच्या पाण्यात ठेवली. गार होताच गढूळ. थंडीत पाणी धरायची ताकद कमी होते, म्हणून दिवसा ठीक असलेली टाकी गारठ्यात थर सोडू शकते.

ई० मध्ये पहिलाच थेंब सरळ तळाला. इथे दोन्ही बाजूंनी प्रामाणिक राहायला हवं. ई० पाणी शोषत नाही हे खरं, पण तळाला बसलेलं पाणी ते उचलतही नाही. ई१० थोडं पाणी विरघळवून इंजिनातून जाळून टाकतं, ई० मध्ये ते तळाशी बसून लोखंडी टाकीला गंज चढवतं. दमट हवेत रोज चालणाऱ्या गाडीला ह्या बाबतीत ई१० ची उलट मदतच होते.

आणि रोजच्या गाडीत एवढं पाणी येणार कुठून? आजची टाकी बंद यंत्रणेची आहे, वाफेचा मार्ग कॅनिस्टर आणि व्हॉल्व्हमधून. १०० मिलीला अर्धा मिली म्हणजे ४० लिटरच्या टाकीला २०० मिली, पेलाभर पाणी. हवेतल्या दमटपणातून आठवड्याला भरल्या जाणाऱ्या टाकीत तेवढं जमत नाही. ते येतं पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून, फुटलेल्या झाकणातून, किंवा उघड्या श्वासाच्या टाक्यांतून, म्हणजे जनरेटर, गवत कापायचं मशीन, बोट, कार्बोरेटरची जुनी गाडी. ई० ची खरी जागा मला तिथे दिसते.

२८ डिसेंबर

एका मित्राने विचारलं, मग घरीच ई१० मध्ये पाणी घालून इथेनॉल खाली काढून टाकलं तर? होतं ना तुझ्या मोजपात्रात. मी त्याला कळकळीने सांगितलं की करू नकोस, आणि कारणं इथेही लिहितो.

इथेनॉल काढलं की हातात येतं ते मूळ पेट्रोल, तेच खालच्या ऑक्टेनचं, जे कधीच तसं विकायसाठी बनवलेलं नव्हतं. वर ते पाण्याने संपृक्त, थंड झालं की थेंब सुटणार. वीसेक लिटर पेट्रोल उघड्यावर हलवायचं म्हणजे वाफेचा आणि स्थिर विजेचा धोका, आणि शेवटी बादलीभर विषारी पाणी. पंपावर ई० मिळत नसेल तर ताजं ई१० हे घरी धुतलेल्या पेट्रोलपेक्षा इंजिनासाठी शंभर पटीने बरं.

११ जानेवारी

दुसऱ्या पंपावरचं प्रीमियम आणलं, वर लेबल इथेनॉल नसल्याचं. पाण्याच्या चाचणीत रेघ हलली नाही. टर्बोत घातलं, आणि ट्रिम तिच्या ई० च्या जागी, उणे साडेतीनला, गेलाच नाही, मधेच कुठेतरी, उणे दीडला थांबला.

ह्याचं सरळ स्पष्टीकरण ईथर आहे. एमटीबीई आणि ईटीबीई हे ऑक्टेन वाढवणारे ऑक्सिजनवाले घटक, युरोपातल्या ईएन २२८ मानकात ईथर २२ टक्क्यांपर्यंत चालतात. त्यांना पाण्याची ओढ फार कमी, म्हणून मोजपात्राला ते दिसत नाहीत, पण त्यांच्यात ऑक्सिजन असतो, ईटीबीईत साधारण १६ टक्के, आणि तो लॅम्बडा सेन्सरला दिसतो. प्रयोगशाळेतली तपासणी केल्याशिवाय माझ्या नमुन्यात तेच होतं असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण 'इथेनॉल नाही' म्हणजे 'ऑक्सिजन नाही' असा अर्थ काढू नये, ही नोंद पक्की. साठवणुकीच्या दृष्टीने ईथरवालं पेट्रोल चालेल, पाणी ओढत नाही.

२५ जानेवारी

ई१० आणि ई० च्या बरण्यांत भिजत ठेवलेल्या ओ-रिंगा, म्हणजे जोडांतल्या रबरी सील, काढल्या. साधी नायट्रिल रबरची ई१० मध्ये स्पष्ट फुगली आणि मऊ पडली, ई० मध्येही फुगली पण कमी. फ्लोरोइलास्टोमरची, जी आजच्या इंधन यंत्रणेत वापरतात, तिच्यात व्हर्नियरला हाती लागेल असा फरक दोन्हीकडे नाही. नायट्रिलची वाळल्यावर आकसली आणि कडक झाली. जुन्या गाडीत वर्षानुवर्षं एकाच इंधनात फुगून बसलेली सील इंधन बदलल्यावर आकसून झिरपू शकते, म्हणून तिथे बदल केला की पुढचे काही दिवस नळ्यांचे जोड बोटाने तपासावेत आणि वास घ्यावा. आधुनिक गाडीत ह्याची गरज नाही.

डायरेक्ट इंजेक्शनच्या इनटेक व्हॉल्व्हवरच्या काजळीबद्दल एकच वाक्य, तिथे पेट्रोल पोचतच नाही, त्यामुळे ई० ने ती साफ होणार नाही. आणि इंजेक्टर स्वच्छ राहतात ते डिटर्जंट अ‍ॅडिटिव्हमुळे, इथेनॉल आहे की नाही ह्यावर ते ठरत नाही.

१ मार्च

पोर्ट इंजेक्शनवाली आता बराच काळ उभी राहणार आहे, तिच्यात ई० भरलं. उभ्या गाडीचा शत्रू फक्त पाणी नाही. पेट्रोलचे हलके घटक उडून जातात आणि गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरते, राहिलेल्यातले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनने डिंकासारखे चिकट होतात. ही दुसरी गोष्ट ई० मध्येही होते, इथेनॉल नसलं म्हणून पेट्रोल अमर होत नाही. म्हणून ताजं पेट्रोल, टाकी जवळपास काठोकाठ म्हणजे वर हवा कमी, त्यात अँटिऑक्सिडंट असलेला स्टॅबिलायझर, आणि मग गाडी चांगली फिरवून आणली म्हणजे नवं इंधन रेल आणि इंजेक्टरपर्यंत पोचलं. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि इंजेक्टरमध्ये जुनंच पेट्रोल सुकत बसतं.

प्लग-इन हायब्रिडवाल्यांनी हे जरूर वाचावं. रोज विजेवर चालवलं की इंजिन महिनोन्‌महिने थंड आणि टाकीतलं पेट्रोल म्हातारं होत जातं. शेव्हरोले व्होल्टमध्ये ह्यासाठी दाब धरणारी बंद टाकी होती आणि पेट्रोल साधारण वर्षभराचं जुनं झालं की गाडी स्वतः इंजिन चालवून ते संपवायची. ज्यांच्या हायब्रिडमध्ये असं काही नाही त्यांनी टाकी कमी भरावी आणि अधूनमधून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवावं. आधुनिक गाड्यांत ई० ला सगळ्यात जास्त अर्थ आहे तो ह्यांच्यातच, फक्त ऑक्टेन मॅन्युअलमधलाच हवा.

जनरेटरमध्येही ई०, आणि कार्बोरेटरचा बाऊल रिकामा केला.

१७ मे

उभी गाडी काढली. पहिल्याच सेल्फला सुरू, सुरुवातीला आयडल थोडं चढं, मग नेहमीसारखं. लाँग टर्म ट्रिम उणे दीड, ठेवताना होता तिथेच. टाकीतून काढलेला नमुना नितळ, रंग किंचित गडद, आंबट वास नाही, सेन्सरवर ५० हर्ट्झ. शेजारी त्याच दिवशी भरून ठेवलेल्या ई१० च्या बंद बरणीतही थर नाही, सैल झाकणाच्या बरणीत मात्र पातळी खाली आणि वास बदललेला. झाकणाचा फरक इथेनॉलच्या फरकापेक्षा मोठा निघाला.

टर्बोत परत ई१०, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रीमियम ऑक्टेनचं. त्याच चढावर टायमिंग पुन्हा पुढे आलंय. पोर्ट इंजेक्शनवालीत उरलेलं ई० चालवून संपवायचं आणि मग ताजं साधं ई१०. जनरेटरच्या डब्यावर चिकटपट्टी लावून इंधनाचा प्रकार आणि भरल्याची तारीख लिहिली, पुढच्या वेळी जुनं आधी गाडीत ओतून मगच डबा भरायचा.